सिंधीपुऱ्यातला फुकटचा कोल्हा

संपादकांनी कळवलं, "आठवणी पाठवा, पण तक्रारीचा सूर नको." मी फोन ठेवला आणि हसले. जिने आयुष्यभर लोकांचे फॉर्म भरले, त्या बाईकडे तक्रारीशिवाय आठवण कुठून येणार? तेव्हा सूर लागेल तसा लागेल. ज्यांना गोडच हवं असेल त्यांनी अंकातली पाककृतींची पानं उघडावीत.

बऱ्हाणपुरात सिंधीपुऱ्यात माझा टायपिंगचा क्लास होता. हिंदी, मराठी, इंग्रजी, तिन्ही. मशीनवर फडकं टाकून मुलांना टाइप करायला लावायची मी. बोटांकडे बघायचं नाही, कागदाकडे बघायचं, हा माझ्या क्लासचा पहिला आणि शेवटचा नियम. न बघता मी ज्या वेगाने टाइप करायची त्याची गावात चर्चा होती, आणि ती चर्चा मला आवडायची. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते ह्या कौतुकापायीच झालं.

मशीनचे दिवस संपले तसे मी तीन संगणक घेतले आणि क्लासच्या पाटीखाली 'ऑनलाइन सेंटर' अशी दुसरी पाटी लावली. ती वर्षं जोडणीची होती. जे दिसेल ते एकमेकांना जोडायचं सरकारच्या मनाने घेतलं होतं. रेशनचं कार्ड कुटुंबाच्या नंबराला, कुटुंबाचा नंबर शाळेच्या प्रवेशाला, प्रवेश बँकेच्या खात्याला आणि खातं मोबाइलला. एक आकडा चुकला की माणूस चारही ठिकाणी चुकायचा.

बाहेरच्यांना वाटतं, सेंटरवाल्याला काय काम, बटणं तर दाबायची. त्यांनी एकदा लास्ट डेटच्या दिवशी येऊन बघावं. माणूस पिशवीभर कागद घेऊन येतो. त्यातला हवा तो कागद शोधायचा. फोटो मोठा असला तर छोटा करायचा, छोटा असला तर मोठा. सही कोऱ्या कागदावर घ्यायची, कारण माणूस कायम रेघांच्या वहीतलं पान आणतो. मग जन्मतारीख विचारायची, तेव्हा नवरा बायकोकडे बघतो आणि बायको छताकडे. एवढं सगळं जमलं की पान मध्येच गोल फिरत बसतं. अशा वेळी आम्ही सगळे सेंटरवाले एकच मंत्र म्हणतो, "सर्वर डाउन आहे." हा मंत्र फार सोयीचा. सर्वर कधी बंद असतो, कधी नसतो, पण तो बोलायला येत नाही. म्हणून आमच्या धंद्यात चूक कोणाचीही असो, बिल सर्वरच्या नावावर फाटतं.

मीही एकदा फाडलं.

वर्षा महाजन शाहपूरची. चोवीस-पंचवीसची असेल. आईच्या आजारपणात तिची तीन वर्षं गेली होती, आणि त्याच तीन वर्षांत दवाखान्यात बसून बसून तिने ठरवलं होतं की आपण नर्स व्हायचं. वडील श्रीरामभाऊ केळीवाले. माणूस कमी बोलणारा, पण प्रत्येक वेळी येताना टेबलावर केळीची फणी ठेवणारा. नर्सिंगच्या प्रशिक्षणाला वयाची अट होती. वर्षाच्या हातात ते वर्ष आणि पुढचं, अशा दोनच संधी होत्या.

आता शाहपुरात दगड मारला तर तो महाजनालाच लागतो, आणि त्या काळात दर तिसऱ्या घरात एक वर्षा. त्याच आठवड्यात मी इच्छापूरच्या दुसऱ्या एका वर्षा महाजनचा कुठलासा फॉर्म भरला होता. दोघींच्या मोबाइल नंबरांचे पहिले पाच आकडे एकच, कारण त्या वेळी आमच्याकडे सगळी सिमकार्डं एकाच मालिकेतली विकली जायची. संगणकावर तेव्हा निळ्या 'ई'चा ब्राउझर असायचा. तो आधी भरलेलं सगळं लक्षात ठेवायचा. दोन आकडे टाइप केले की खाली यादी लोंबायची, बाण दाबायचा, पुढे जायचं. मी दोन आकडे टाइप केले, बाण दाबला आणि पुढे गेले. बघितलं नाही. न बघण्यातच तर माझी शान होती.

प्रवेशासाठी बोलावणारा कौन्सेलिंगचा मेसेज इच्छापूरच्या वर्षाच्या भावाला गेला. त्याला वाटलं, कोणीतरी लॉटरीवाला असेल. त्याने पुसून टाकला. आमची वर्षा मेसेजची वाट बघत बसली, आणि यादी लागून, प्रवेश होऊन, जागा भरून गेल्यावर श्रीरामभाऊ तिला घेऊन माझ्याकडे आले.

"ताई, पोरीचं नाव तर यादीत होतं म्हनतात. मंग बलावलं काबरं नाही?"

मी फॉर्म उघडून पाहिला. नंबर पाहिला. दोन सेकंदांत सगळं समजलं. तोंडातून काय निघालं? "भाऊ, सर्वरची गडबड झालेली दिसते. त्या दिवशी फारच डाउन होता."

श्रीरामभाऊंनी मान हलवली. सर्वरवर कोण रागावणार? जाताना वर्षाने आपल्या कागदांची पिशवी नीट बांधली. ती दोघं गेल्यावर मी शटर अर्धं ओढून बसून राहिले. मला माझीच लाज वाटत होती, आणि लाज वाटली की मला राग येतो. त्या दिवशी तो राग निळ्या 'ई'वर निघाला.

मुश्ताकभाई आमचे हार्डवेअरवाले. लूमच्या कारखान्यातली पॅनेलं दुरुस्त करता करता संगणक दुरुस्त करू लागलेला माणूस. मी त्यांना बोलावलं आणि म्हटलं, "मला असा ब्राउझर द्या ज्याला काहीच आठवत नाही."

"मॅडमजी, भूलने वाला चाहिए?" ते हसले. "है ना. मुफ्त का है, पर चोरी का नहीं."

हे वाक्य समजायला त्या काळचं बऱ्हाणपूर माहीत हवं. आमच्या बाजारात सगळ्यांच्या संगणकावर सगळं चोरीचंच असायचं. सीडीवर मार्करने नाव लिहिलेलं, झालं. कोणाला त्यात वावगं वाटत नसे. पण राजरोस फुकट असलेली वस्तू दिसली की हेच लोक दहा वेळा उलटसुलट करून बघत. फुकट म्हणजे नक्की काहीतरी गोम असणार. मलाही आधी तसंच वाटलं.

मुश्ताकभाईंनी एक सीडी घातली. पडद्यावर पृथ्वीच्या गोळ्याला शेपटीने वेढून झोपलेला एक लालसर प्राणी आला. ते त्याला लोमडी म्हणत, मी कोल्हा म्हणायचे. खरं नाव इथे देत नाही. फुकटच्या वस्तूची जाहिरात केली तर लोक म्हणतील, बाईला काय मिळालं? मुश्ताकभाई सांगू लागले की हा जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलाय, कसा लिहिलाय तेही उघडं ठेवलंय, कोणीही बघावं, सुधारावं. मी विचारलं, "म्हणजे चौकातल्या हलवायाने मावा जिलेबीची कृती पाटीवर लिहून लावावी, तसं?" ते म्हणाले, "बस, वही. और ऊपर से जलेबी भी मुफ्त." असा हलवाई मी बऱ्हाणपुरात पाहिला नव्हता, पण कल्पना आवडली.

सेटिंगमध्ये एका चौकोनात खूण केली की हा कोल्हा बंद होताना सगळं विसरून जायचा. नाव, नंबर, पासवर्ड, कुठे कुठे फिरला ते, सगळं. पुढचं गिऱ्हाईक आलं की पाटी कोरी. खरं सांगायचं तर निळ्यातही ती सोय बंद करता येत होती, हे मला नंतर कळलं. पण तोवर मी त्याला तिन्ही संगणकांवरून हाकललं होतं, आणि परत बोलवायची माझी इच्छा नव्हती. वेगही गेला. प्रत्येक आकडा मला टाइप करावा लागे. मी मुद्दाम बघून टाइप करू लागले आणि प्रत्येक नंबर गिऱ्हाइकाकडून मोठ्याने वाचून घेऊ लागले. लोक कुरकुरले. शेजारच्या सेंटरवाल्याने आपल्याकडे 'फास्ट सर्विस' अशी पाटी लावली. लाव म्हटलं.

गावात पहिली बोंब ठोकली ती उपासनीकाकांनी. वनखात्यातून निवृत्त झालेले, रोज सकाळी पुण्याच्या मुलाची ईमेल बघायला यायचे. नेहमीच्या खुर्चीवर बसले, चष्मा लावला आणि ओरडले, "बाई, माझं इंटरनेट कुठं गेलं?"

"काका, इंटरनेट आहे. ब्राउझर बदललाय."

"ते मला नका सांगू. इथं इंटरनेट होतं. निळं. आता इथं लोमडी हाये. जंगलात चाळीस वर्षं काढली मी, लोमडी काय चीज असते मला माहीत हाये."

चार दिवस ते आले नाहीत. मुश्ताकभाईंनी युक्ती सुचवली. कोल्ह्यावरच निळ्या 'ई'चं चित्र चिकटवून टाकू, काकांना कळणारही नाही. काम दोन मिनिटांचं होतं. मी नाही म्हटलं. माणसाला बरी वस्तू द्यायची तर तिच्या नावाने द्यावी. काकांच्या घरी गेले, त्यांना घेऊन आले आणि अर्धा तास शेजारी बसून सगळं दाखवलं. त्याच खिडकीत दुसरी खिडकी उघडते आणि मुलाचा फोटो न मिटवता सुनेचं पत्र वाचता येतं, हे पाहिल्यावर काकांचा विरोध मावळला. महिन्याभराने ते लोकांना सांगत होते, "आपण तर बुवा पहिल्यापासून लोमडीवाले."

काकांना पटवलं. पोर्टलला पटवणं त्याहून अवघड निघालं.

ज्या सरकारी पोर्टलवर आमचं निम्मं काम चालायचं, त्याने कोल्ह्याला दारातच अडवलं. वर एक पिवळी पट्टी आली. ही साइट फक्त अमुक ब्राउझरमध्येच उघडेल. म्हणजे निळ्यात. मुश्ताकभाईंनी डोकं खाजवलं आणि मला एक गोष्ट समजावली, ती मी तुम्हाला जशीच्या तशी सांगते. प्रत्येक ब्राउझर साइटच्या दारात गेला की आधी आपलं नाव सांगतो. ह्या पोर्टलचा चौकीदार फक्त नाव विचारत होता. तुला काम येतं का, हे विचारतच नव्हता. आणि कोल्ह्याला एक छोटं यंत्र जोडता येत होतं, त्याने कोल्हा दारात वेगळं नाव सांगू शकत होता.

"बोलिए मॅडमजी, क्या नाम रखें?"

ह्या वेळी मी हो म्हटलं. वाचकांपैकी कोणी विचारेल, काकांशी खोटं बोलायला तयार नव्हतीस, मग पोर्टलशी कशी बोललीस? काका माणूस होते. पोर्टलने मला माणूस समजून कधी काही विचारलं नव्हतं. कोल्ह्याने निळ्याचं नाव सांगितलं, दार उघडलं, आणि आत सगळं व्यवस्थित चाललं. फॉर्म भरला, फोटो चढला, पावती छापली गेली. तीन महिने आम्ही असंच काम केलं. एकही फॉर्म परत आला नाही.

गप्प बसले असते तर कोणाला पत्ता लागला नसता. पण गप्प बसणं मला कधी जमलं नाही. मी जिल्ह्याच्या ऑफिसला अर्ज केला. साइटवरची अट काढून टाका, ती विनाकारण आहे, आम्ही तीन महिने दुसऱ्या ब्राउझरवर काम करून पाहिलं आहे, आणि ते कसं केलं तेही सविस्तर लिहिलं. ऑफिसात एक समन्वयक साहेब होते, सगळ्या सेंटरांवर देखरेख करणारे. मला वाटलं, ते शाबासकी देतील. त्यांनी माझा सेंटरचा आयडी बंद केला. कारण म्हणे, सरकारी साइटशी छेडछाड. विकतचं दुखणं म्हणतात ते हे.

आयडी बंद म्हणजे दुकान बंद. पण मला त्या दिवशी दुकानाची काळजी नव्हती. लास्ट डेटला चार दिवस राहिले होते आणि वर्षाचा फॉर्म माझ्याकडे अर्धवट पडला होता.

हो, वर्षा परत आली होती. तिच्या वयाचं ते शेवटचं वर्ष. तिचा मूळ निवासी दाखला यायला उशीर झाला म्हणून मी फॉर्म अर्धा भरून जतन केला होता, आणि पोर्टलचा कायदा असा की अर्धवट फॉर्म ज्या सेंटरवर सुरू केला तिथूनच पुरा करायचा. एका माणसाला एकच फॉर्म. दुसऱ्या सेंटरवर नवा भरताही येईना. दाखला हातात, पोरगी समोर आणि माझ्या पडद्यावर लाल अक्षरं, 'आयडी निष्क्रिय'. मागच्या वर्षी माझ्या वेगाने तिची एक संधी खाल्ली होती. ह्या वर्षी माझ्या जिभेने दुसरी खाल्ली असती.

मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेले. साहेब म्हणाले, "मॅडम, आप वो लोमडी-वोमडी हटा दीजिए, लिख के दे दीजिए कि गलती हुई. आयडी चालू कर देंगे."

सोपं होतं. दोन ओळी लिहायच्या होत्या. मी म्हटलं, "साहेब, नियम कुठे लिहिलाय तो दाखवा. निळ्याशिवाय काम करू नये असा कागद दाखवा, मी आत्ता सही करते."

"नियम है."

"मग लेखी द्या."

"साइट पे लिखा तो है!"

"साइटवर तर असंही लिहिलंय की हेल्पलाइन चोवीस तास चालू आहे."

शिपाई हसला, साहेब हसले नाहीत. त्यांनी मला नंतर यायला सांगितलं. नंतर गेले तर ते दौऱ्यावर होते. तिसऱ्या दिवशी मीटिंग होती. घरी मला सगळ्यांनी समजावलं. सही करून टाक, पोरीचं काम होईल, नंतर पुन्हा बसव तुझा कोल्हा, कोण बघायला येतंय. मी श्रीरामभाऊंना फोन करून सांगितलं की ऑफिसने अडवलंय, पण उद्या काहीही झालं तरी फॉर्म जाईल. मनाशी ठरवलंही होतं. अगदीच अडलं तर सही करायची. पोरीचं वर्ष माझ्या अकडीपेक्षा मोठं आहे, एवढी अक्कल मला होती. पण आधी भांडून बघायचं.

लास्ट डेटला साडेदहाला मी, वर्षा आणि श्रीरामभाऊ, तिघं साहेबांच्या केबिनसमोरच्या बाकावर जाऊन बसलो. साहेब आले, आम्हाला पाहून थबकले. मी उभी राहिले. "साहेब, माझा आयडी राहू द्या बंद. तुमच्या लॉगिनमधून कुठल्याही सेंटरचा फॉर्म उघडतो. ह्या पोरीचा एवढा पुरा करा. तुमच्या मशीनवर, तुमच्या ब्राउझरवर. मी हात लावत नाही."

ह्याला ते नाही म्हणू शकले नाहीत. उलट खूष झाले. "बैठिए. दो मिनट का काम है, आप लोगों ने बिना बात का बतंगड बना दिया." त्यांनी फॉर्म उघडला. दाखला चढवला. शेवटच्या पानावर पत्ता आणि मोबाइल राहिला होता. "नंबर बोलो, बेटा."

वर्षाने दोन-दोन आकडे सांगायला सुरुवात केली. पहिले चार झाले नाहीत तोच पडद्यावर यादी लोंबली. त्या मशीनवर न जाणो किती लोकांनी किती दिवस काम केलेलं. दहा-बारा नंबर एकाखाली एक, सगळे एकाच मालिकेतले. साहेबांनी तिच्या तोंडचे पुढचे आकडे ऐकलेच नाहीत. त्यांनी माउस हलवला आणि वरचा नंबर निवडला. बाण पुढच्या बटणाकडे गेला. मी तोंड उघडलं, पण माझ्या आधी वर्षा बोलली.

"साहेब, थांबा. तो माझा नंबर नाही."

"वही है, अभी तो बोला तुमने."

"नाही. माझे शेवटचे दोन सत्तेचाळीस हायेत. तिथं एकोणीस दिसून राह्यले." तिने उठून पडद्याजवळ जाऊन बोट ठेवलं. "हे कोणाचं तरी दुसऱ्याचं हाये. तुम्ही पुसा अन् पूर्ण लिहा. मी सांगते."

साहेबांनी नंबर पुसला. पूर्ण लिहिला. वर्षाने तो दोनदा वाचून घेतला. फॉर्म गेला, पावती छापून आली. तेवढ्यात साहेब स्वतःशीच पुटपुटले, "मशीन भी कभी-कभी… सर्वर का क्या भरोसा."

तो शब्द मला सहन झाला नाही.

"साहेब, सर्वरने काही केलं नाही. तुम्ही बघितलं नाही. मागच्या वर्षी मीही बघितलं नव्हतं. ह्याच पोरीचा नंबर, असाच, ह्याच यादीतून मी चुकीचा टाकला आणि तिचं वर्ष घालवलं. आणि तिच्या वडिलांना मी सर्वरचं नाव सांगितलं." मग मी श्रीरामभाऊंकडे वळले. "भाऊ, सर्वर डाउन नव्हता. चूक माझी होती. मी खोटं बोलले."

श्रीरामभाऊ म्हणाले, "वर्ष गेलं ना, ताई, पोरीचं."

"गेलं."

"एवढं तरी तवाच सांगायचं होतं."

ते उठले आणि बाहेर निघून गेले. त्यानंतर कितीतरी महिने ते माझ्या दुकानाची पायरी चढले नाहीत. मी त्यांना दोष देत नाही.

पुढचं इथेच सांगून टाकते. माझा आयडी आठ दिवसांनी उघडला. लेखी नियम कोणालाच सापडला नाही, आणि मी मागितलेला कागद मला आजतागायत मिळालेला नाही. कोल्हा मी काढला नाही, माफीही लिहून दिली नाही. फक्त त्याला खोटं नाव सांगायला लावणारं यंत्र मी एके दिवशी काढून टाकलं, कारण पोर्टलवरची ती पिवळी पट्टीच एका सकाळी नाहीशी झाली होती. कोणी काढली, का काढली, कोणी सांगितलं नाही. आता ते पोर्टल म्हणे कुठल्याही ब्राउझरवर चालतं. तेव्हाही चालत होतं. शेजारच्या फास्ट सर्विसवाल्यानेसुद्धा पुढे गुपचूप मुश्ताकभाईंकडून सीडी नेली. मला विचारलं असतं तर मीच दिली असती, फुकटच होती. मी सेंटर मुलाच्या हट्टाखातर बंद केलं तेव्हा तिन्ही संगणकांवर कोल्हा होता.

वर्षाचा प्रवेश झाला. मेसेज तिच्याच फोनवर आला.

पण त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं. श्रीरामभाऊ पुढे निघून गेले तेव्हा मी आणि वर्षा ऑफिसच्या जिन्यावर दोघीच होतो. मला तिच्याकडे बघवत नव्हतं. मी म्हटलं, "बाई, तुला राग आला असेल. येऊ दे. मी हे तुला आधीच सांगायला हवं होतं."

"मला माहीत होतं, ताई," ती म्हणाली. "तुम्ही सर्वर म्हटल्यावर मागच्या वर्षीची पावती मी घरी जाऊन वाचली होती. नंबर दुसऱ्याचा होता. बाबांना नाही सांगितलं."

वर्षभर ही पोरगी सगळं जाणून होती. माझ्या तोंडून सर्वरचं नाव ऐकून घेऊन गेली होती. आणि तरी ह्या वर्षी, शेवटच्या संधीला, हातात कागद घेऊन माझ्याच दारात येऊन उभी राहिली होती.

"अगं, मग दुसऱ्या सेंटरवर काबरं नाही गेलीस?"

तिने पावती घडी घालून पिशवीत ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता आणि माफीही नव्हती.

"दोन ठिकाणी जाऊन आली होती मी, ताई. तिथं अजून यादीतूनच उचलून राह्यले."